पेठकडच्या घराची डिश: सिग्नल गेला तेव्हापासूनच्या नोंदी

१३ सप्टेंबर २०२४, शुक्रवार (नाशिक)

मामांचा फोन आला. त्यांच्या घरी रेंज नाही, त्यामुळे फोन येतो तो करंजाळी गावात उतरल्यावरच आणि मग एका दमात सगळं सांगून टाकतात. भात पोटरीत आलाय, म्हशीचा पाय बरा झाला, आणि टीव्ही बारा दिवस बंद आहे, स्क्रीनवर नुसतं नो सिग्नल. मी म्हटलं पावसाने जात असेल, तर म्हणे पाऊस अधूनमधून आहे, टीव्ही मात्र कायमचाच गेलाय. बरोबरच आहे. जोराच्या सरीत जातो तो सर ओसरली की दहा-पंधरा मिनिटांत परत येतो, बारा दिवस जायला पाऊस कारण नाही.

खरी भानगड पुढे. गावातला एक मेकॅनिक येऊन गेला, ३५० रुपये घेतले, डिश थोडी फिरवली, मशीनवर पूर्ण बीप येतोय म्हणाला आणि तरी घरात काहीच लागेना तेव्हा अंगणाच्या टोकाच्या सागाकडे बोट दाखवून म्हणाला, हे झाड आडवं येतंय, काढा. मामांनी ते मनावर घेतलंय. दसऱ्याच्या आत फांद्या उतरवायच्या, नाहीच भागलं तर बुंध्यातूनच. सागाला परवानगी लागते म्हटलं, तर म्हणे ते मी बघतो, तू टीव्हीचं बघ.

म्हटलं झाडाला हात लावू नका, रविवारी येतो.

(सातपूरला कंपनीत मेंटेनन्समध्ये अकरा वर्षं काढली, प्रत्येक ब्रेकडाउनची नोंद लॉगबुकात करायची सवय लागलीय, म्हणून हे पण तसंच लिहितोय. मामांकडची डिश मीच दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये बसवली होती, म्हणजे शिव्या खायचा पहिला मान माझाच.)

१५ सप्टेंबर, रविवार

सकाळी पेठ रोडने निघालो, रामशेज किल्ला ढगात, सावळ घाटात एवढं धुकं की हेडलाइट लावून चाललो. पोहोचायला दोन तास.

सेटअप आधी लिहून ठेवतो म्हणजे पुढे गोंधळ नको. डीडी फ्री डिश, ६० सेंटीमीटरची ऑफसेट डिश, साधा युनिव्हर्सल एलएनबी (डिशसमोरच्या दांडीवरचा सिग्नल पकडणारा डबा), साधा स्वस्तातला बॉक्स जो १२ व्होल्टवर चालतो. डिश अंगणात लोखंडी पाइपावर आहे कारण कौलांवर बसवायला मामी तयार नव्हती. तिथून केबल गोठ्याला वळसा घालून घरात, एकूण ५५ मीटर. लाइट असेल तर बॉक्स अडॅप्टरवर, लाइट गेली की सोलरच्या बॅटरीवर, त्यासाठी एक चेंजओव्हर स्विच लावून दिलाय. सॅटेलाइट जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. २०१५ च्या नोव्हेंबरात फ्रेंच गयानातून सोडलेला आणि तेव्हापासून विषुववृत्तावर ३६ हजार किमीवर एकाच जागी उभा दिसणारा. आपल्या नाशिक-पेठ भागातून तो आग्नेयेला दिसतो, उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे साधारण १३४ अंश, आणि क्षितिजापासून ५७-५८ अंश वर. हे आकडे घरूनच कागदावर लिहून नेले होते, तिथे ॲप वगैरे काही चालत नाही.

बॉक्सवर स्ट्रेंथ ६१, क्वालिटी ०.

इथेच बहुतेक लोक फसतात. स्ट्रेंथ म्हणजे केबलमधून काहीतरी येतंय एवढंच. एलएनबीला करंट मिळाला की त्याचा स्वतःचा खरखराट पण स्ट्रेंथमध्ये मोजला जातो, डिश आकाशाकडे नसून गोठ्याकडे असली तरी. क्वालिटी आली तरच आपल्याला पाहिजे तो सॅटेलाइट आणि पाहिजे ती फ्रिक्वेन्सी सापडली. मेकॅनिकचं बीप वाजणारं मशीन तर याहून भोळं, त्याला कुठलाही सॅटेलाइट चालतो.

मोबाइलचा कंपास घेऊन डिशच्या मागे उभा राहिलो (पाइपापासून दोन पावलं लांब, लोखंडाजवळ कंपास काहीही दाखवतो). डिश १५५ अंशांवर! म्हणजे बरीच दक्षिणेला. १५५ ला काय असेल तर ८३ अंश पूर्वचे सॅटेलाइट, जीसॅट-१० आणि जीसॅट-२४, जिथून पैसे भरून बघायचं डीटीएच येतं. मेकॅनिकचा हात त्या कामाला बसलेला असणार, सवयीने तिकडे नेली, जोरदार बीप मिळाला, त्याच्या हिशोबाने काम झालं. घरात फ्री डिश लागेना तर दोष झाडाचा.

डिश १३४ ला आणली. क्वालिटी ०, मग ९, मग ०, मग ११, परत ०. जागा बरोबर वाटतेय पण जीव नाही. अर्धा तास एक-एक मिलिमीटर हलवून बघितलं, ११ च्या वर जाईना. आणि तेव्हा लक्षात आलं की मी पण मेकॅनिकसारखंच करतोय, डिशच फिरवत बसलोय. डिश फिरवली ती सिग्नल गेल्यानंतर. आधी जे बिघडलं ते वेगळंच आहे, त्यावर आता हा दुसरा बिघाड बसलाय.

चारला पावसाने धरलं, निघालो. निघताना मामांना विचारलं दोरी कशाला आणलीय, तर म्हणाले फांद्या उतरवायला. दोरी गाडीत टाकून घेऊन आलो.

२० सप्टेंबर, शुक्रवार (नाशिक)

रविवार कारंजा चौकाजवळच्या दुकानातून केबलच्या टोकाला लागणारे एफ कनेक्टर आठ, जॉइंट दोन, रबर टेप एक. दुकानदाराला सगळं सांगितलं तर तो पण म्हणाला नवीन एलएनबी घेऊन जा, तोच गेला असेल. घेतला, १२० रुपये. उगाच घेतला हे नंतर कळलं, पण हातात असलेला बरा.

२१ सप्टेंबर, शनिवार (मुक्कामी)

आज ठरवून डिशला हातच लावला नाही. केबल धरून घरापासून डिशपर्यंत चालत गेलो.

गोठ्याच्या पत्र्याखाली जॉइंट सापडला. दोन वर्षांपूर्वी केबल कमी पडली म्हणून मीच दिला होता. काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, वरून एकदम टापटीप. सोडली तर आतून चमचाभर पाणी ओघळलं. त्या चिकटपट्टीचं असंच असतं, पाणी आत जाताना अडवत नाही, बाहेर निघताना मात्र अडवते. आतली जाळी काळी पडून भुगा झालेली, मधल्या तारेला हिरवट गंज चढलेला. पत्र्याची वळचण बरोबर वरती, सगळा पावसाळा तिथे धार. या आरजी-६ केबलच्या बाहेरच्या आवरणाखाली जी जाळी असते ती वातीसारखं पाणी ओढते, म्हणून कापत गेलो तर कुठे कोरडी पांढरी जाळी दिसायला पाऊण मीटर कापावी लागली. एलएनबीच्या टोकाला पण तेच, तिथे केबल वरून सरळ खाली कनेक्टरमध्ये उतरत होती म्हणजे पावसाला पन्हळच करून दिलेली.

मामी शेजारी उभी होती. म्हणाली, "म्हणजे झाडाने नाही, तुझ्याने गेला होय."

काय बोलणार.

नवीन कनेक्टर लावले, दोन्ही टोकांना. एलएनबीजवळ केबल आधी खाली झुकवून मग वर नेली, म्हणजे पाणी त्या वळणावरूनच टपकेल, कनेक्टरपर्यंत चढणार नाही. जॉइंट वळचणीखालून सरकवून आत कोरड्यात घेतला आणि रबर टेप ताणून ताणून गुंडाळली, ती स्वतःतच चिकटून एकजीव होते. क्वालिटी लगेच ११ वरून ३९.

मग डिश. पाइप सरळ आहे का ते आधी बघायला पाहिजे, कारण ब्रॅकेटवरचे उंचीचे अंश पाइप ओळंब्यात असेल तरच खरे. मामांकडे गवंड्याचा ओळंबा निघाला, लावला तर पाइप दोनेक अंश कलला होता, माती भिजून बसलीय. दगड ठोकून सरळ केला, काँक्रीट नंतर. मग उंची ५७.५, मग दिशा अगदी सावकाश डावी-उजवी, मग एलएनबी थोडा पिळून. प्रत्येक हलवण्यानंतर पाच सेकंद थांबायचं, बॉक्स आकडा उशिरा दाखवतो, घाई केली की चांगली जागा हातातून निघून जाते. मी डिशपाशी, मामी खिडकीत आकडे ओरडतेय, "चव्वेचाळीस! बावन्न! पुढे नको, पुढे नको, उतरला!" क्वालिटी ६८ ला थांबलो. मामीची नेलपॉलिश मागून पाइपावर आणि ब्रॅकेटवर मिळून एक उभी रेघ मारली. परत कोणी फिरवली तर रेघ तुटलेली दिसेल.

सातला सह्याद्रीवर बातम्या लागल्या. मामा खुर्ची पुढे ओढून बसले. मी मनात म्हटलं संपलं काम.

८:१० ला टीव्ही गेला. नो सिग्नल.

बाहेर आभाळ मोकळं, पाऊस नाही, वारा नाही. टॉर्च घेऊन रेघ बघितली, जुळलेली. साडेनऊला आपोआप परत आला. मामा म्हणाले, रात्री झाड हलतं.

२२ सप्टेंबर, रविवार

सकाळपासून क्वालिटी ६८-७०, हलेना. मग वेळ झाडाला दिला, कारण मामांच्या डोक्यातून ते जातच नाहीये आणि खरं सांगायचं तर नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर त्यांचंच बरोबर वाटतं. डिशच्या मागे उभं राहिलं की तिचं तोंड सरळ सागाच्या शेंड्याकडे. मी डिश बसवली तेव्हा मार्च होता, साग उघडा होता, आता सुपाएवढी पानं आलीत. कोणीही म्हणेल झाडच.

पण ही ऑफसेट डिश आहे. एलएनबी मधोमध नाही, खालच्या बाजूने पुढे आलेल्या दांडीवर आहे. त्यामुळे डिश जिकडे तोंड करून उभी दिसते तिकडे ती बघतच नाही, त्याच्या साधारण २५ अंश वर बघते. तोंड ३२ अंशांवर, नजर ५७ वर. आमच्या कंपनीत एक सुपरवायझर होते, चष्म्याच्या खालून कागद बघायचे आणि वरून आपल्याकडे, तसं काहीतरी.

मामांच्या नातवाच्या कंपासपेटीतला कोनमापक, त्याला दोरा, दोऱ्याला नट. डिशपाशी उभं राहून सागाचा शेंडा धरला तर ३८ अंश. पावलांनी अंतर मोजलं तर १४ मीटर. ५७ अंशांनी निघालेली रेघ १४ मीटरवर पोहोचेपर्यंत, डिशची उंची धरून, जमिनीपासून २३ मीटर वर जाते आणि साग आहे फार तर १३ मीटर. म्हणजे सिग्नल शेंड्याच्याही दहाएक मीटर वरून येतोय.

हे सगळं मामांना वहीत काढून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा संपवला आणि म्हणाले, "वहीत बरोबर आहे रे. पण काल रात्री गेला तो का गेला?"

याचं उत्तर नव्हतं माझ्याकडे. एवढंच सांगितलं की रोज लिहून ठेवा, किती वाजता गेला, किती वाजता आला, आणि त्या वेळी लाइट होती का. काल ८ च्या सुमारास लाइट गेली होती असं मामी म्हणतेय, मला आठवत नाही, मी बाहेर डिशकडे पळालो होतो.

२६ सप्टेंबर, गुरुवार (नाशिक)

मामांचा फोन, करंजाळीवरून. दोनदा गेला संध्याकाळी. दुधाच्या वहीत मागच्या पानावर लिहितायत. फांद्यांचा विषय काढला नाही पण दोरी कधी आणतोस ते विचारलं.

२९ सप्टेंबर, रविवार

दुधाची वही बघितली. मामांचं अक्षर मोठं आणि वळणदार, नोंदी माझ्यापेक्षा नीट. २३, २५, २७, २८ अशा चार संध्याकाळी गेला, आणि चारही वेळा पुढे लिहिलंय "लाइट नाही". लाइट आली की टीव्ही आला. झाड काही वीज मंडळाला विचारून हलत नाही.

म्हणजे बॅटरीवर असताना काहीतरी होतंय. मल्टिमीटर काढणार एवढ्यात, १०:५० ला, लाइट असताना, लख्ख उन्हात, माझ्या डोळ्यांसमोर क्वालिटी ७० वरून ५०, ३०, ० आणि चित्राचे चौकोन होऊन टीव्ही बंद. हातपाय गळाले. कनेक्टर हलवले, रेघ बघितली, बॉक्स बंद-चालू केला, नवा एलएनबी काढून आणला, आणि तो लावायच्या आत टीव्ही आपोआप परत आला. आठ-एक मिनिटांचा खेळ. मामांनी वही पुढे केली: "२८ ता. सकाळी ११ ला १० मिनिटे कमी, ५ मिनिटे गेला. लाइट आहे."

दोन दिवस, तीच वेळ. हे लिहून ठेवलं आणि बाजूला ठेवलं. एका वेळी एकच.

बॅटरीचं बघू. बॉक्सकडून एलएनबीला केबलमधूनच करंट जातो. १३ व्होल्ट दिले की एलएनबी व्हर्टिकल लाटा घेतो, १८ दिले की हॉरिझॉन्टल. फ्री डिशला १३ वालं काम. एलएनबीला १३ च्या जागी साडेअकरापर्यंत चालतं, त्याच्या खाली गेलं की त्याची मर्जी. कापलेल्या केबलच्या तुकड्याचा जुगाड करून एलएनबी चालू असताना मोजलं:

अडॅप्टरवर, बॉक्सपाशी १३.२, एलएनबीपाशी १२.१.
बॅटरीवर, बॉक्सपाशी १२.३, एलएनबीपाशी ११.२.

सापडला. बॅटरी म्हातारी झालीय, पावसाळ्यात पॅनेलला ऊन नाही, संध्याकाळी दोन दिवे आणि टीव्ही लावला की साडेअकरा व्होल्टच्या खाली बसते आणि हा स्वस्त बॉक्स बॅटरी बसली की स्वतः पण बसतो. वर केबलमध्ये एक व्होल्ट जातोय. केबलचं एक टोक शॉर्ट करून रोध मोजला तर ८ ओहम! तार ब्लेडने खरवडली तर वरचा तांब्याचा मुलामा निघून आतलं लोखंड पांढरं दिसलं. चुंबक चिकटलं. स्वस्तातली केबल, मीच आणलेली. सिग्नलला ती चालते कारण एवढ्या उंच फ्रिक्वेन्सीचा सिग्नल तारेच्या कातडीवरूनच वाहतो, पण डीसी करंट पूर्ण तारेतून जातो आणि लोखंडात अडतो.

परत येताना सावळ घाटात ते ११ वाजताचं डोक्यात फिरत होतं. मागे पश्चिमेला टेकलेला सूर्य आरशातून डोळ्यांवर आला, आरसा वळवला आणि तिथेच कळलं. गाडी बाजूला घेऊन हे लिहितोय.

सूर्य! सप्टेंबरच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, तसंच मार्चमध्ये, थोडे दिवस सूर्य रोज काही मिनिटं बरोबर सॅटेलाइटच्या मागे येतो. सूर्याचा स्वतःचा रेडिओ खरखराट एवढा की सॅटेलाइटचा बारीक आवाज त्यात बुडतो. याला सन आउटेज म्हणतात, केबलवाले दरवर्षी खालून पट्टी सरकवतात. बिघाड नाही, उलट डिश अगदी नेमकी सॅटेलाइटवर आहे याचा दाखला.

आणि अजून एक. त्या मिनिटांना सूर्य जिथे असतो तिथेच सॅटेलाइट असतो.

२ ऑक्टोबर, बुधवार, सर्वपित्री अमावस्या

गांधी जयंतीची सुट्टी आणि मामांकडे पान, दोन्ही जुळलं. मामीची सकाळपासून गडबड, खीर, वडे, भोपळ्याची भाजी. आभाळ स्वच्छ, ऑक्टोबर हीट सुरू झाल्यासारखं ऊन.

पावणेअकराला मामांना हात धरून अंगणात आणलं. पानाचं अजून व्हायचंय म्हणत होते, पाच मिनिटं म्हटलं. मामी आत टीव्हीपाशी.

१०:४८ ला आतून आवाज, "पन्नास! उतरतोय!"

डिशजवळ गेलो. डिशवर पूर्ण ऊन, आणि डिशने गोळा केलेल्या उजेडाचा एक धूसर गोल डाग बरोबर एलएनबीच्या तोंडावर पडलेला. रंग मळका म्हणून धूसर, चकचकीत असती तर प्लॅस्टिकचं झाकण वितळलं असतं. मामांना म्हटलं, हे ऊन जिथून आलं, सिग्नल पण त्याच वाटेने येतो. आत्ता या क्षणाला सूर्य आणि सॅटेलाइट एका रेघेत आहेत. आता झाडाची सावली बघा कुठे आहे.

सावली सागाच्या बुंध्यापासून आपल्याकडे आली होती खरी, पण आठ-नऊ पावलांवर संपत होती. शेंड्याच्या पानांची सावली तुळशीवृंदावनाच्या अलीकडे दगडावर हलत होती. तिथून डिश अजून सहा पावलं.

"गेला!" मामी आतून. १०:५०.

मामा दगडापाशी गेले. सावलीच्या टोकावर चप्पल ठेवली. मग डिशपर्यंत चालत आले, मोजत. मग कपाळावर हात धरून वर सूर्याकडे बघायला लागले, म्हटलं बघू नका सरळ. परत सावलीकडे बघितलं. काही बोलले नाहीत. ११ ला दोन मिनिटं कमी असताना मामी म्हणाली आला.

वहीतल्या कोनमापकाने जे दहा दिवसांत झालं नाही ते सावलीने दहा मिनिटांत केलं.

पान वाढून झालं. कावळ्याचा घास मामा दरवर्षी पत्र्यावर ठेवतात. आज सागाखाली ठेवला. तो साग त्यांच्या वडिलांनी लावलेला, हे मला मामीने जेवताना सांगितलं, मामांनी नाही. दोरी गाडीत होती ती परत दिली, म्हशीला लागते म्हणाले.

४ ऑक्टोबर, शुक्रवार (नाशिक)

शुद्ध तांब्याची आरजी-६, ३० मीटर. दुकानदाराने आधी दुसरीच दाखवली, खिशातून चुंबक काढलं तर हसला आणि आतून चांगली घेऊन आला. फरक मीटरला आठ-नऊ रुपये.

६ ऑक्टोबर, रविवार

केबल आता गोठ्याला वळसा न घालता सरळ, अंगणातून पाइपात घालून जमिनीखालून आणि खिडकीतून आत. २८ मीटर, मध्ये एकही जॉइंट नाही. उरलेले दोन मीटर गुंडाळून ठेवले नाहीत, कापून टाकले.

रोध ८ वरून दीड ओहमच्या आत. लाइट मुद्दाम बंद करून बॅटरीवर, दोन्ही दिवे लावून: बॉक्सपाशी १२.३, एलएनबीपाशी १२.१. क्वालिटी ७३, अडॅप्टरवर ७४. अंतर अर्धं झाल्याने सिग्नलची गळती पण कमी झाली, १८०० मेगाहर्ट्झच्या आसपास या केबलमध्ये १०० मीटरला ३० डेसिबलच्या घरात जातं, म्हणजे निम्म्या केबलने सात-आठ डेसिबल वाचले. बॅटरी बदलायलाच पाहिजे पण ती आता दिवाळीनंतर, तोपर्यंत ढकलेल.

नवा एलएनबी तसाच खोक्यात आहे, दुकानदार परत घेत नाही. मामांच्या फडताळात ठेवून दिला.

पाइपाच्या बुडाला दोन घमेली काँक्रीट. ओळंबा लावून, नेलपॉलिशची रेघ जुळवून. ओलं असेपर्यंत म्हशीला तिकडे सोडू नका म्हटलंय.

१०:४५ ते ११:०५ मुद्दाम बघत बसलो. १०:५० च्या सुमाराला ७४ वरून ५८ झाला आणि परत चढला, गेला नाही. सूर्य खाली सरकला, या वर्षापुरतं संपलं. मार्चमध्ये परत येईल, साधारण १२ तारखेच्या आगेमागे, सव्वाअकराला. मामांनी स्वतःच नव्या पानावर लिहून घेतलं.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

आपट्याची पानं द्यायला गेलो म्हणून जाता जाता शेवटची नोंद. सहा दिवसांत एकदाही गेला नाही, त्यात तीन संध्याकाळी लाइट नव्हती. वहीत फक्त "ठीक. ठीक. ठीक. लाइट नाही, ठीक."

तो मेकॅनिक परवा दुसऱ्या घरी आला होता तेव्हा मामांनी त्याला बोलावून १३४ आणि ५७ हे दोन आकडे कागदावर लिहून दिले, आणि झाडाचं विचारू नको म्हणाले.

एक राहिलंय. केबल बदलल्यावर मी बॉक्सला सगळे चॅनेल नव्याने शोधायला लावले त्यात मामीची फेवरिट लिस्ट पुसली गेली. तिची मालिका जिथे होती तिथे आता भजनं लागतात आणि मामांना ते फार आवडलंय. ती लिस्ट परत भरायला अर्धा तास गेला, मग रिमोटच्या मागे गोंदाने कागद चिकटवला, वर तिचे नंबर, खाली मामांचे.